पसंतीक्रम

तिसऱ्या गेटावर आता पूल झाला,
गेट उरलंय फक्त माझ्या दुकानाच्या पाटीवर:
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म.
चौदा उन्हाळे मी इथं बसून
दुसऱ्यांच्या पोरांची कॉलेजं लावतो.

परवा रात्री साडेनऊला यल्लाप्पा मुतगेकर आला,
उद्यमबागेतून सरळ, नखांत कूलंटचं काळं.
मागं अक्षता. हातात फाईल,
फाईलवर शहापुरातल्या सोनाराची जाहिरात.
पुण्याच्या साइटची शेवटची रात्र.
धारवाडचा निकाल सोमवारी, बेंगळूरचा बुधवारी,
म्हणजे काहीच माहीत नसताना सगळं ठरवायचं.

तिनं वहीत तक्ता आखून आणलेला.
बेंगळूर: कंपन्या दारात; वर्षाची फी म्हणजे
बाबांचे आठ महिने, ओव्हरटाइम धरून.
पुणे: नाव जुनं, लॅब चांगली,
कुणी शिवी दिली तर लगेच कळेल.
धारवाड: दीड तासावर, नाव सगळ्यांत मोठं,
पण कॉम्प्युटर नाही. मिळालंच तर मेकॅनिकल.
मेकॅनिकल म्हटल्यावर यल्लाप्पानं मान वर केली
आणि परत खाली घातली.

"नाव बघायचं का शाखा?" त्यानं मला विचारलं.
मी कोण सांगणार?
मलाही एकदा पत्र आलं होतं,
तारीख उलटल्यावर, फाटक्या पाकिटात.
मी गेल्या सालच्या कट-ऑफचा कागद पुढं सरकवला.
डॉक्टर नसताना कंपाउंडर देतो तसली गोळी.

मग तो रकाना आला.
सीमाभागातील रहिवासी: होय.
मातृभाषा:

तिची आई गोकाकची.
पोरीला ताप आला की ती कन्नडात देवाशी भांडते
आणि बाप मराठीत मेडिकलवाल्याला उठवतो.
आजोळात ती अक्का, पिरनवाडीत ताई.
"काका, ह्यात दोन टाकता येईनात काय?"
"ड्रॉपडाऊन आहे गे. एकच घेतंय."
तिनं खुर्ची पुढं ओढली, पडद्याकडं बघत राहिली.
वाकडा निघालेला जॉब हातात घेऊन
तिचा बाप असाच बघत असणार.
"लिवणाऱ्यानं चेकबॉक्स ठेवायला पायजे होता.
दोन ओळींचं काम."
आणि हसली, त्या रात्री पहिल्यांदा.

चौदा वर्षं मी ती यादी उघडतो,
खाली जातो, निवडतो, पुढं.
ती कुणीतरी बसून लिहिलेली असते
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं मराठी निवडली.
दाखला होताच, सहीशिक्क्यासकट.
खोटं त्यात काही नव्हतं. अर्धं होतं.

मग बाण वर, बाण खाली.
तीन नंबरचं एकवर, एकचं तीनवर,
कंपन्यांचे आकडे, मैत्रिणीची बहीण काय म्हणाली,
कुठल्या वसतिगृहाला दहाच्या आत कुलूप लागतं.
अकरा एक्केचाळीसला फोन वाजला.
"ऊटा आतेनु?"
"इन्नू इल्ल, अव्वा. बर्तीनि."
पलीकडून आणखी काही विचारलं गेलं
आणि पोर बापाकडं बघायला लागली.
"हॉस्टेलात भाकरी मिळते काय म्हणते,"
यल्लाप्पा मला म्हणाला,
जसं काही माझ्याकडं लिहून ठेवलं असेल.
मी कट-ऑफचा कागद उलटासुद्धा करून बघितला.

सबमिट तिनं स्वतः दाबलं. माझा हात माउसवर नव्हता.

प्रिंटरची शाई संपत आलेली,
पहिल्या पसंतीची ओळच नेमकी फिकट आली.
"दुसरी काढू?"
"नको. मला ठाऊक आहे की."
यल्लाप्पानं कागद ट्यूबलाइटखाली धरला,
कडेवरून अंगठा फिरवला, कुठं खरखर लागते का,
मग चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला.
"किती?"
"दहा."
त्यानं वीस दिले. सुट्टे माझ्याकडं नव्हते.

दोघं पुलावरून गेली. गाडीला उजवा दिवा नव्हता.
फाईल इथंच राहिली टेबलावर.
सकाळी येईल न्यायला.
बुधवारी बेंगळूर आहे.